चाल मोजणारं ॲप किंवा सेन्सर खरंच बरोबर मोजतंय का, ते तपासायची पद्धत

मनगटावरचं घड्याळ, कमरेचा सेन्सर, बुटातली चिप, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारं ॲप, काहीही हातात आलं की बहुतेक लोक एकच करतात, शंभर पावलं चालून बघतात, स्क्रीनवर ९८ दिसलं की "९८ टक्के अचूक" म्हणून मोकळे होतात. मग त्याच मशीनवर विसंबून पेशंटची चाल सुधारली की बिघडली ते ठरवलं जातं, नाहीतर प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पानभर आकडे छापले जातात. फिजिओचे विद्यार्थी असोत, इंजिनिअरिंगवाले असोत की कोच, चुका त्याच त्याच होतात आणि जवळजवळ सगळ्या चुका रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून इथे तयारीवर जास्त लिहिलंय, हिशोबावर त्या मानाने कमी.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. "हे मशीन अचूक आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. अमुक आकडा, अमुक लोकांमध्ये, अमुक वेगाला, सेन्सर अमुक जागी बांधल्यावर, इतक्या चुकीच्या आत येतो, एवढंच सिद्ध करता येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यातल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी आहेत.

१. कुठला आकडा तपासायचा आणि किती चूक चालेल, ते आधी लिहून काढा

चाल मोजणं म्हणजे नेमकं काय मोजणं? पावलांची संख्या, वेग, कॅडेन्स म्हणजे मिनिटाला किती पावलं, पावलाची लांबी, पाय जमिनीवर किती वेळ आणि हवेत किती वेळ, दोन्ही पाय एकदम टेकलेले असतात तो वेळ, डाव्या-उजव्यातला फरक, आणि पावलागणिक होणारा चढउतार. हे सगळे वेगवेगळे आकडे आहेत आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. पावलं मोजण्यात पक्कं असलेलं घड्याळ लांबीच्या बाबतीत बऱ्याचदा नुसता तुमच्या उंचीवरून अंदाज मारत असतं. त्यामुळे एकात पास झालं म्हणून दुसऱ्यातही पास असं धरू नका.

व्याख्याही लिहून ठेवा. पाऊल म्हणजे एका पायाच्या टाचेपासून दुसऱ्या पायाच्या टाचेपर्यंत. स्ट्राइड म्हणजे तोच पाय परत टेकेपर्यंत, म्हणजे दोन पावलं मिळून. एक सॉफ्टवेअर पाऊल देतं, दुसरं स्ट्राइड देतं, कॉलमचं नाव दोन्हीकडे सारखंच दिसतं आणि कुणीतरी दोन आठवडे डोकं धरून बसतं की आकडे बरोबर निम्मे का येतायत. कॅडेन्सचंही तसंच, ११० आणि ५५ दिसले तर मशीन बिघडलेलं नाही, एक पावलं मोजतंय आणि दुसरं स्ट्राइड.

आता किती चूक चालेल ते. हे आधीच ठरवायचं, कारण आकडे समोर आल्यावर "एवढं चालतंय की" म्हणायचा मोह कुणालाही होतो. ठरवायचं ते आकड्याच्या वापरावरून. चालण्याच्या वेगासाठी वयस्कर लोकांवरच्या संशोधनातून २००६ साली आलेला एक ठोकताळा खूप वापरला जातो, ०.०५ मीटर प्रति सेकंद म्हणजे छोटा पण अर्थपूर्ण बदल आणि ०.१० म्हणजे ठळक बदल. तुमचं मशीन स्वतःच ०.१० ने इकडेतिकडे होत असेल तर त्याला हा बदल दिसणारच नाही. पावलं मोजणाऱ्या यंत्रांसाठी जपानच्या औद्योगिक मानकातली मर्यादा १०० पावलांत ३ चुकांची आहे, सुरुवातीला तीही धरता येईल.

तपासा: कागदावर असं वाक्य तयार आहे का? "पावलाची लांबी, काठी न वापरणारे ज्येष्ठ, सावकाश आणि नेहमीचा वेग, कमरेला सेन्सर, चालेल अशी चूक कमाल ३ सेमी." नसेल तर पुढे जाऊ नका.

२. ज्याच्याशी तुलना करायची ते माप निवडा, आणि आधी त्यालाच तपासा

एका घड्याळाची दुसऱ्या घड्याळाशी तुलना करून काही कळत नाही, दोन्ही एकाच पद्धतीने चुकत असली तर छान जुळतील. तुलनेचं माप तुमच्या मशीनपेक्षा स्पष्टपणे बारीक पाहिजे. महागडी लॅब असलीच पाहिजे असं मात्र नाही, आकड्यानुसार बघा.

पावलांच्या संख्येसाठी सगळ्यात भक्कम माप म्हणजे पायांचा व्हिडिओ आणि तो बघून दोन जणांनी वेगवेगळं मोजणं. चालताना सोबत राहून टॅली काउंटर दाबत जाणं पटकन होतं खरं, पण भरभर चालणाऱ्याबरोबर बोट चुकतंच.

वेगासाठी टेपने मोजलेलं अंतर आणि लाइट गेट (माणूस प्रकाशाचा किरण ओलांडतो ती वेळ टिपणारं उपकरण), ते नसेल तर व्हिडिओ. स्टॉपवॉच वापरणार असाल तर हा हिशोब बघा. १.२ मीटर प्रति सेकंद वेगाने ६ मीटरला ५ सेकंद लागतात, बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले की वेगात साधारण ०.०५ ची चूक. हेच अंतर ३ मीटर असेल तर चूक ०.१० च्या घरात जाते. म्हणजे वरच्या ठोकताळ्यातला ठळक बदल तुमच्या अंगठ्यातूनच तयार झाला. अंतर वाढवा.

पाय टेकण्या-उचलण्याच्या वेळांसाठी फोर्स प्लेट (पायाचं बल मोजणारी जमिनीतली पाटी) सगळ्यात चांगली, बऱ्याच लॅबमध्ये २० न्यूटनच्या आसपास बल गेलं की पाय टेकला असं धरतात. प्लेट नसेल तर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ बऱ्यापैकी काम करतो, एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. साधा ३० फ्रेमचा व्हिडिओ इथे नको. त्यात एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, आणि दोन्ही पाय टेकलेले असतात तो एकेक तुकडाच नेहमीच्या चालीत १०० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे एका फ्रेमची चूक ही तिसऱ्या हिश्श्याची चूक झाली.

पावलाच्या लांबीसाठी विकॉन किंवा क्वालिसिससारखी मार्करवाली सिस्टिम (अंगावर लावलेल्या खुणांचा अनेक कॅमेऱ्यांनी माग काढणारी), नाहीतर प्रेशर मॅट, म्हणजे पायाचा दाब टिपणारी चटई. ते नसेल तर लांब कागदाची पट्टी अंथरून शाईचे किंवा खडूच्या भुकटीचे ठसे घ्या आणि टेपने मोजा. पद्धत जुनी आहे, हात खराब होतात, पण लांबीच्या बाबतीत ती खोटं बोलत नाही.

आता या मापाचीच परीक्षा. टेप ताणून, जमिनीला चिकटवून मोजा. मार्कर सिस्टिमसमोर माहीत असलेल्या लांबीची काठी नुसती धरू नका, चालण्याच्या पूर्ण जागेत फिरवा, कडेला चूक वाढते का बघा. फोर्स प्लेटवर माहीत असलेली वजनं ठेवा. प्रेशर मॅटचे सेन्सर किती अंतरावर आहेत ते बघा, गेटराइट नावाच्या मॅटमध्ये ते १.२७ सेमीवर असतात, म्हणजे तिच्याकडून एकेका पावलाला मिलिमीटरची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. मोबाइलचा व्हिडिओ असेल तर चालू स्टॉपवॉचचं मिनिटभर शूटिंग करून फ्रेमची वेळ आणि स्टॉपवॉचची वेळ जुळतात का ते बघून घ्या, कारण बरेच फोन फ्रेमचा वेग मधेच कमीजास्त करतात आणि मग फ्रेम नंबरला ३० ने भागून काढलेली वेळ घसरत जाते.

सावधान: बाजूने एका कॅमेऱ्याने लांबी मोजणाऱ्यांनी हे नीट वाचा. समजा कॅमेरा चालण्याच्या रेषेपासून ४ मीटरवर आहे आणि जवळचा पाय लांबच्या पायापेक्षा १० सेमी कॅमेऱ्याकडे आहे. फ्रेमच्या मध्यापासून २ मीटर बाजूला गेल्यावर जवळचा पाय लांबच्या पायाच्या तुलनेत सुमारे ५ सेमी बाहेर सरकलेला दिसतो. म्हणजे खरी पावलं ६०-६० सेमीची असली तरी व्हिडिओत ६५ आणि ५५ अशी आलटूनपालटून येतात. अगदी लंगडल्यासारखी चाल दिसते आणि प्रत्यक्षात काहीच नसतं. ओळखायचं कसं? फ्रेमचा मध्य ओलांडला की लांब दिसणारं पाऊल दुसऱ्या पायाचं होतं, आणि त्याच माणसाला उलट दिशेने चालवलं की परत पाय बदलतो. खरा लंगडेपणा असा दिशा बघून पाय बदलत नाही. यावर उपाय म्हणजे कॅमेरा शक्य तितका लांब न्या, फक्त मधली एकदोन पावलंच मोजा, आणि मापाची टेप भिंतीवर न लावता पाय पडतात त्या रेषेतच जमिनीवर लावा.

३. माणसं आणि चालण्याचे प्रकार ठरवा

ज्या लोकांसाठी मशीन वापरायचंय तेच लोक परीक्षेत पाहिजेत. वर्गातल्या दहा तरुण मित्रांना चालवून मशीन पास केलं आणि नंतर ते पक्षाघातातून उठलेल्या माणसाच्या कमरेला बांधलं, तर आधीच्या परीक्षेचा उपयोग शून्य. पावलं ओळखणारी बहुतेक यंत्रं धक्क्यावर चालतात. पाय टेकला की शरीराला जो झटका बसतो तो एका पातळीच्या वर गेला की पाऊल मोजलं जातं. सावकाश, पाय घासत चालणाऱ्याचा झटकाच छोटा असतो, म्हणून हळू वेगाला पावलं गळतात. मनगटावरच्या सेन्सरला वर हाताचा झोकाही लागतो, त्यामुळे वॉकर ढकलणारा, हात खिशात घातलेला किंवा हातात पिशवी धरलेला माणूस त्याला नीट दिसत नाही.

म्हणून एवढं तरी घ्या: सावकाश, नेहमीचा आणि भरभर असे तीन वेग, सरळ रेषेत आणि वळणं घेत, थांबत-चालत, आणि तुमच्या वापरात असेल तर काठी किंवा वॉकरसह. याशिवाय न चालण्याचेही प्रकार घ्या, खुर्चीवर बसून हातवारे, उभ्या उभ्या काम, गाडीतून प्रवास. तिथे मशीनने पावलं मोजली तर ती भुताची पावलं, आणि दिवसभराच्या बेरजेत ती शेकड्यांनी जमा होतात. ट्रेडमिलवर तपासलं असेल तर निकाल ट्रेडमिलपुरताच धरा. पट्ट्यावरची चाल जमिनीवरच्या चालीसारखी हुबेहूब नसते, आणि वेग पट्ट्यानेच ठरवून दिलेला असल्यामुळे मशीनचं काम जरा सोपं होतं.

किती माणसं लागतील? याला ठराविक उत्तर नाही, पण पुढे आठव्या पायरीत चुकीच्या दोन मर्यादा काढायच्या आहेत आणि त्या मर्यादा स्वतः किती डळमळीत असतील ते आत्ताच कळू शकतं. ३ भागिले माणसांची संख्या, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६, गुणिले फरकांचा एसडी (मशीन आणि खरं माप यांतले फरक त्यांच्या सरासरीपासून किती पसरलेले आहेत ते सांगणारा आकडा). १० माणसांत ही डळमळ जवळजवळ १.०७ एसडी येते, ३० माणसांत ०.६२, ५० माणसांत ०.४८. दहा जणांवर केलेल्या परीक्षेला मी तरी प्राथमिकच म्हणेन, तिच्यावर मशीन विकत घ्यायचा निर्णय घेणार नाही.

४. जागा, बांधणी आणि सेटिंग

सरळ, सपाट, न घसरणारी जागा घ्या. मोजायच्या अंतराच्या आधी आणि नंतर किमान २-२ मीटर मोकळे सोडा, १० मीटर चालण्याच्या नेहमीच्या टेस्टमध्ये मधलेच ६ मीटर मोजतात ते याचसाठी, कारण सुरुवातीला माणूस वेग घेत असतो आणि शेवटी कमी करत असतो. मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्रासारखी दिशा ओळखणारा भाग, असलेला सेन्सर असेल तर फरशीखालचं लोखंड आणि शेजारची लोखंडी रॅक दिशेचा घोळ करतात, अशी जागा टाळा, नाहीतर निदान लिहून ठेवा.

सेन्सर कुठे, कुठल्या बाजूला, किती घट्ट, हे फोटो काढून ठरवा आणि प्रत्येकाला तसंच बांधा. सैल पट्टा स्वतःच हलतो आणि ते हलणं पावलात धरलं जातं. कमरेच्या सेन्सरने लांबी काढणाऱ्या बऱ्याच पद्धती चालताना शरीर किती वर-खाली होतं ते आणि पायाची लांबी वापरतात, त्यामुळे पायाची लांबी विचारून भरू नका, स्वतः मोजा. बूट कुठले ते लिहा.

ॲपचं आणि सेन्सरच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन लिहून ठेवा आणि ऑटो अपडेट बंद करा. निम्मी माणसं एका व्हर्जनवर आणि निम्मी दुसऱ्यावर झाली तर तुम्ही दोन वेगळी मशीन तपासलीत. शक्य असेल तिथे स्क्रीनवरचा आकडा न घेता कच्चा डेटा एक्स्पोर्ट करा, स्क्रीनवर दशांश गोल केलेले असतात.

५. घड्याळं जुळवा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि नंतर रडतात. सेन्सरचं घड्याळ वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. जुळवायला एक अशी घटना पाहिजे जी दोन्हीकडे ठसठशीत दिसेल. लॅबमध्ये इलेक्ट्रिकल पल्स देता येतो, इतरत्र सेन्सर बांधलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर तीनदा जोरात पाय आपटायला सांगा, जमणार नसेल तर सेन्सरवर बोटाने तीन टिचक्या मारा. तीनदा, म्हणजे एखादी घटना चुकून आलेली नाही हे कळतं.

सुरुवातीला एकदा आणि शेवटी परत एकदा. साधं क्वार्ट्झ घड्याळ २० पीपीएमने, म्हणजे दहा लाख सेकंदांत २० सेकंदांनी, घसरलं तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि पाय टेकण्याच्या वेळा तपासायच्या असतील तर हा फरक सगळा निकाल खाऊन टाकेल. दोन्ही टोकं माहीत असली की मधली घसरण सरळ रेषेत वाटून दुरुस्त करता येते.

तपासा: प्रत्येक फाइलमध्ये सुरुवातीच्या तीन आणि शेवटच्या तीन खुणा डोळ्यांनी दिसतायत का? माणूस घरी जायच्या आधी बघा.

६. आधी रंगीत तालीम, मग रेकॉर्डिंग

दोन-तीन जणांवर पूर्ण प्रक्रिया शेवटपर्यंत करून बघा, म्हणजे हिशोबापर्यंत, नुसतं शूटिंगपर्यंत नाही. फाइल उघडत नाही, व्हिडिओत पाय कापला जातो, मेमरी भरते, हे सगळं इथेच कळतं. तालमीचा डेटा शेवटच्या निकालात धरायचा नाही.

मग खरं रेकॉर्डिंग, या क्रमाने:

अ. संमती घ्या, काय करायचंय ते सांगा, पण "मशीन पावलं मोजतंय, नीट चाला" असं म्हणू नका, माणूस लगेच परेडसारखा चालायला लागतो.

आ. एकदोन फेऱ्या नुसत्या चालू द्या, सवय होऊ दे.

इ. वेगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्यांना भरभर चालणं शेवटी दिलं तर थकवा आणि वेग यांची सरमिसळ होते.

ई. घड्याळाच्या खुणा, मग चालणं, मग परत खुणा.

उ. प्रत्येक प्रकाराच्या निदान दोन फेऱ्या. काही ॲप्स सुरुवातीची पावलं राखून ठेवतात आणि माणूस खरंच चालतोय अशी खात्री पटली की एकदम जमा करतात, अशा ॲपला आठ पावलांच्या फेरीत तपासलं तर ते नापासच होणार, त्याला लांब फेरी द्या. तुमच्या प्रत्यक्ष वापरात चालणं तुटकच असेल तर मात्र छोट्या फेऱ्यांचं अपयश हाच खरा निकाल आहे.

सावधान: तोल जाण्याची शक्यता असलेल्या माणसासोबत कुणीतरी शेजारी, किंचित मागे चालायला पाहिजे. पुढे नाही, कारण पुढे चालणारा नकळत वेग ठरवतो. आणि डेटा वाया गेला तरी चालेल, माणूस पडता कामा नये.

काही चुकलं तर फेरी पुसू नका, काय झालं ते लिहा. कुठल्या कारणाने फेरी बाद धरायची ते नियम रेकॉर्डिंगच्या आधीच लिहिलेले पाहिजेत. "मशीनने आकडाच दिला नाही" हे बाद करण्याचं कारण नाही, ते मशीनचं अपयश आहे आणि ते वेगळं मोजून रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे.

७. व्हिडिओवरून खुणा करा, मशीनचे आकडे न बघता

खुणा करणाऱ्याला मशीनचं उत्तर माहीत नको. माहीत असेल तर शंका असलेल्या फ्रेमला हात आपोआप उत्तराकडे वळतो, यात प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, डोळा तसाच असतो.

नियम लेखी हवा. स्लो मोशनमध्ये एकेक फ्रेम पुढे नेली की दिसतं, टाच खाली येते, बुटाची सावली बुटाला येऊन मिळते, पुढच्या एकदोन फ्रेममध्ये सोल थोडा दबतो आणि मग पाय स्थिर होतो. यातली कुठली फ्रेम धरायची? पहिल्या स्पर्शाची. "टाच टेकली" असं लिहू नका, "बुटाचा कुठलाही भाग पहिल्यांदा जमिनीला लागला ती फ्रेम" असं लिहा, कारण काही जणांचा चवडा आधी टेकतो, काहींचा पूर्ण तळवा एकदम. पाय उचलण्याची फ्रेम जास्त अवघड, पाय घासत नेणाऱ्याचा बूट पूर्ण सुटतच नाही. तिथे "बूट पुढे सरकायला लागला ती पहिली फ्रेम" असा वेगळा नियम करा आणि अशा पावलांवर खूण ठेवा.

काही क्लिप दोघांनी स्वतंत्रपणे कराव्यात. दोघांच्या खुणांमध्येच २० मिलिसेकंदांचा फरक असेल तर मशीनची १० मिलिसेकंदांची चूक तुम्हाला सिद्ध करता येणार नाही.

८. पावलाला पाऊल जोडा, मग हिशोब करा

इथे नुसत्या बेरजा जुळवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा माणूस खरी १०० पावलं चालला, मशीनने सावकाश भागातली ६ गाळली आणि वळताना ६ जास्तीची मोजली. बेरीज १००, चूक शून्य, आणि प्रत्यक्षात मशीन १२ वेळा चुकलंय. म्हणून व्हिडिओतल्या प्रत्येक पावलाला मशीनचं जवळचं पाऊल जोडा, जोडीसाठी वेळेची मर्यादा पावलाच्या निम्म्या वेळेपेक्षा कमी ठेवा, आणि तीन आकडे काढा: जुळलेली, गळलेली, जास्तीची.

मग जुळलेल्या पावलांवर चूक काढा. दिशा एकच ठेवा, मशीन वजा खरं माप. कुठलाही फॉर्म्युला लावायच्या आधी सगळे फरक ग्राफवर टाकून बघा, एखाद्या फाइलची घड्याळं जुळलेली नसतील, डावा-उजवा उलटा झाला असेल तर तिथेच दिसतं.

फक्त कोरिलेशन, म्हणजे दोन्ही आकडे एकत्र वर-खाली होतात का ते सांगणारा आकडा, देऊन थांबू नका. खरी लांबी ५०, ६०, ७० सेमी आणि मशीन दाखवतंय ४५, ५४, ६३. कोरिलेशन पूर्ण १ येतं, आणि प्रत्येक आकडा १० टक्क्यांनी कमी आहे. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये नेमकी हीच अडचण मांडली आणि त्यांची पद्धत आजही इथे सगळ्यात सोयीची आहे. प्रत्येक जोडीचा फरक उभ्या अक्षावर, दोन्ही मापांची सरासरी आडव्या अक्षावर. फरकांची सरासरी म्हणजे मशीनचा कायमचा कल, आणि त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ एसडी म्हणजे ज्या मर्यादेत साधारण ९५ टक्के फरक पडतील ती. या मर्यादा पहिल्या पायरीत लिहिलेल्या चुकीच्या आत बसतात का, एवढा एकच प्रश्न विचारायचा. ठिपके पंख्यासारखे उघडत जात असतील, म्हणजे मोठ्या पावलाला मोठी चूक, तर सेमीऐवजी टक्क्यांत काढा. ढग तिरका असेल तर वेगवेगळ्या वेगांचा निकाल वेगळा द्या, सरासरीत लपवू नका.

सावधान: एका माणसाची २०० पावलं म्हणजे २०० माणसं नव्हेत. सगळी पावलं एका ढिगात टाकून मर्यादा काढल्या तर त्या चुकीच्या येतात आणि खोटा आत्मविश्वास देतात. एकतर माणशी सरासरी घ्या, नाहीतर एका माणसाची अनेक मापं असताना वापरायची सुधारित पद्धत घ्या, त्याच दोघांनी ती पुढे २००७ साली दिलेली आहे.

चढउताराचा आकडा, म्हणजे पावलाच्या वेळेचा एसडी, याला वेगळं वागवा. सरासरी काढताना मशीनच्या फुटकळ चुका एकमेकींना खाऊन टाकतात, चढउतारात मात्र त्या बेरजेला येतात. समजा खरा चढउतार २० मिलिसेकंद आणि मशीनची चूकही २० मिलिसेकंद, तर दिसणारा चढउतार २८ येतो, कारण वर्गांची बेरीज होते. म्हणजे सरासरी पावलाची वेळ अगदी बरोबर देणारं मशीन निरोगी माणसाची चाल अस्थिर दाखवू शकतं.

९. काढून परत बांधा आणि परत मोजा

एका वेळेची अचूकता पुरेशी नाही, कारण खऱ्या वापरात तुम्ही महिन्याच्या अंतराने दोनदा मोजून फरक बघणार असता. म्हणून सेन्सर पूर्ण काढा, पट्टा सोडा, परत बांधा आणि त्याच माणसांना परत चालवा. पट्टा न काढता घेतलेली दुसरी फेरी यात चालत नाही, बांधणीतली चूक मग लपूनच राहते.

इथे आयसीसी काढतात, म्हणजे त्याच माणसांची दोनदा घेतलेली मापं किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितकं चांगलं. कुठला प्रकार वापरला ते लिहा, आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा असेल तर ॲब्सोल्युट ॲग्रीमेंटवाला घ्या. २०१६ च्या एका बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शनानुसार ०.७५ ते ०.९० चांगला आणि ०.९० च्या वर उत्कृष्ट. पण या "उत्कृष्ट" शब्दाला भुलू नका, हे बघा. लोकांच्या वेगाचा एसडी ०.२० मीटर प्रति सेकंद, आयसीसी ०.९५. मापनातली चूक काढायला १ मधून आयसीसी वजा करा, जे उरेल त्याचं वर्गमूळ घ्या आणि त्याला एसडीने गुणा, ती आली ०.०४५. एका माणसात खरंच बदल झाला असं म्हणायला ९५ टक्के खात्रीने लागणारा फरक तिच्या २.७७ पट, म्हणजे ०.१२. उत्कृष्ट आयसीसी असूनही ०.१० चा ठळक बदल या मशीनला एका माणसात पकडता येत नाही. आणि गटात खूप हळू आणि खूप भरभर चालणारे एकत्र घेतले की मशीन तेच असूनही आयसीसी आपोआप वर चढतो, म्हणून तो कधीच एकटा देऊ नका, त्याच्या शेजारी सेमीत किंवा मीटर प्रति सेकंदात चूक लिहा.

१०. निकाल कसा लिहायचा

प्रत्येक आकड्याला, प्रत्येक गटाला, प्रत्येक वेगाला वेगळी ओळ. त्या ओळीत माणसं किती, कायमचा कल किती, मर्यादा किती, गळलेली आणि जास्तीची पावलं किती, किती फेऱ्यांत मशीनने उत्तरच दिलं नाही, आणि पहिल्या पायरीतल्या मर्यादेत बसलं की नाही. मशीनचं, फर्मवेअरचं, ॲपचं व्हर्जन आणि बांधण्याच्या जागेचा फोटो. ज्या वेगाला तपासलं नाही तिथे "तपासलं नाही" असं सरळ लिहा, शेजारच्या ओळीवरून अंदाज मारून भरू नका.

कायमचा कल मोठा पण फैलाव लहान असेल तर मशीन टाकून द्यायची गरज नाही, तो कल वजा करता येतो. पण ही दुरुस्ती ज्या माणसांवरून काढली त्यांच्यावरच तपासू नका, त्यासाठी काही नवी माणसं राखून ठेवा. फैलावच मोठा असेल तर दुरुस्तीने काही होत नाही, एकेका माणसासाठी तो आकडा वापरणं सोडा, फार तर मोठ्या गटाच्या सरासरीसाठी ठेवा.

आणि सगळा कच्चा डेटा खुणांसकट जपून ठेवा. अपडेट आलं, हिशोबाची पद्धत बदलली की आधीचा निकाल लागू राहत नाही, पण प्रोसेसिंग कॉम्प्युटरवर होत असेल तर जुना डेटा नव्या व्हर्जनमधून परत काढून एका दुपारीत कळतं काय बदललं ते. प्रोसेसिंग सेन्सरच्या आतच होत असेल तर तो मार्ग बंद, मग चार-पाच माणसं घेऊन तिसरी ते आठवी पायरी छोट्या प्रमाणात परत करा, आणि त्यात पहिल्या वेळी सगळ्यात वाईट आलेला वेग नक्की ठेवा.